कोणतं वाद्य गप्प ठेवायचं?

१९८४ साली अमेरिकी संगीतकार प्रिन्सने 'व्हेन डव्ह्ज क्राय' हे गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा त्यात बासचा (खर्जातल्या गिटारचा) ट्रॅक होता. मिक्सिंग करताना, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले ट्रॅक एकत्र जुळवताना, त्याने तो काढून टाकला. नाचाच्या ठेक्याचं गाणं आणि तळाला बास नाही, ही त्या काळी फारच धाडसी गोष्ट होती. ते गाणं पाच आठवडे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर राहिलं.

कोणती वाद्यं कुठे वाजणार हे संगीत संयोजक आधीच ठरवून ठेवतो आणि मिक्सिंग करणारा फक्त कमी-जास्त आवाज जुळवतो, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. मिक्सिंगला बसल्यावर ज्या अडचणी आवाजाच्या पातळीच्या वाटतात, त्यातल्या पुष्कळशा खरं तर संयोजनाच्या असतात. फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी बटणं) कितीही वर-खाली केले तरी त्या सुटत नाहीत, आणि याचं कारण आपल्या कानाच्या रचनेत आहे.

आतल्या कानात कॉक्लिया नावाची वेटोळी नळी असते. तिच्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पातळ पडदा असतो. तीव्र स्वरांनी त्याचं तोंडाकडचं टोक जास्त हलतं, खर्जाच्या स्वरांनी आतलं. जॉर्ज फॉन बेकेशी यांनी ही हालचाल उलगडून दाखवली आणि त्यासाठी त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. म्हणजे प्रत्येक स्वराला या पडद्यावर स्वतःची जागा आहे, पण ती अगदी नेमकी नाही, पसरट आहे. जवळजवळच्या कंप्रतांचे (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे) दोन स्वर एकाच पट्ट्यात येतात आणि एकमेकांना झाकतात. अशा पट्ट्याला हार्वे फ्लेचर यांनी १९४० साली 'क्रिटिकल बँड' म्हटलं. ५०० हर्ट्झच्या खाली हा पट्टा साधारण १०० हर्ट्झ रुंद असतो. त्याच्या वर, मधल्या कंप्रतेच्या सुमारे एक पंचमांश.

आता मिक्सिंगचा हिशेब बघा. सारख्याच ताकदीचं दुसरं वाद्य त्याच पट्ट्यात वाजवलं, तर पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे तशी दहा वाद्यं! तेच दुसरं वाद्य पहिल्यापासून पुरेसं दूर, वेगळ्या पट्ट्यात असेल, तर दोघांचा मोठेपणा कान जवळपास बेरजेने मोजतो आणि दोनच वाद्यांत आवाज दुपटीच्या आसपास जातो. खऱ्या वाद्याच्या प्रत्येक स्वरात उपस्वरांची माळ असल्यामुळे हा हिशेब इतका स्वच्छ उतरत नाही, पण कल हाच राहतो. मुखडा भरदार वाटत नाही म्हणून त्याच सप्तकात तिसरी गिटार चढवणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. असलेल्या दोनांपैकी एक सप्तकभर वर नेली, तर लागतं.

खर्जात ही अडचण फार टोकाला जाते. कीबोर्डवर अगदी खाली, ६५ हर्ट्झच्या आसपासचा 'सा' आणि त्याचा शुद्ध 'ग' एकदम दाबून पाहा. दोघांत फरक १७ हर्ट्झचा. एकाच पट्ट्यात अडकून ते घरघरतात. तीच जोडी तीन सप्तकं वर दाबली की फरक १३६ हर्ट्झचा होतो, दोघांना आपापली जागा मिळते आणि जोडी गोड लागते. त्यामुळे पियानोचा डावा हात बासच्या प्रदेशात स्वरगुच्छ धरून बसला असेल, तर ईक्यूने (ठरावीक कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) त्याला कितीही तासलं तरी गढूळपणा पूर्ण जात नाही. तो डावा हात काढून टाकणं हाच उपाय.

खालच्या स्वरांची आणखी एक खोड आहे. ते वरच्यांना जितके झाकतात, तितके वरचे त्यांना झाकत नाहीत. वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्येच हे मोजलं होतं. पडद्यावरची लाट तीव्र स्वरांच्या टोकाकडून आत जाते, त्यामुळे खर्जाची लाट आपल्या जागी पोचण्याआधी इतरांच्या जागा हलवून जाते. शिवाय खर्जाला आपला कान कमी संवेदनशील असल्याने तो ऐकू येण्यासाठी जास्त ऊर्जा द्यावी लागते, आणि डिजिटल ध्वनीत वरची पातळी ठरलेली असते. एक बास काढला की किती जागा मोकळी होते, याचा अंदाज यावरून यावा.

गायनाच्या बाबतीत मी सगळ्यात हट्टी आहे. कानाची संवेदनशीलता ३ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते आणि शब्द कळायला लागणारी व्यंजनं बरीचशी त्याच भागात असतात. व्हायोलिनचे, डिस्टॉर्शन लावलेल्या (खरखरीत केलेल्या) गिटारचे उपस्वरही तिथेच गर्दी करतात. वाद्यं डाव्या-उजव्या स्पीकरवर पांगवून थोडा फरक पडतो, पण फोनच्या एकाच स्पीकरवर तो सगळा नाहीसा होतो. त्याऐवजी व्हायोलिनचा फिलर (मधली जागा भरणारा छोटा तुकडा) गायकाच्या ओळीवरून उचलून दोन ओळींच्या मधल्या श्वासात ठेवावा. शब्दही कळतात, व्हायोलिनही नीट ऐकू येतं.

वेळेची बाजूही आहे. आवाज सुरू होताना श्रवणतंतू जोरात संदेश पाठवतात, मग काही क्षणांत मंदावतात. मोठ्या आवाजानंतर कान पूर्ववत व्हायला सुमारे पाव सेकंद लागतो. १२०च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणून मुखड्याआधी एकच मात्रा सगळं थांबवलं तरी पुढचा ठोका ताज्या कानावर पडतो. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये ध्वनिमुद्रक किंग टबीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आधीच रेकॉर्ड झालेली गाणी घेतली आणि मिक्सरवरच कधी गायन, कधी गिटार गायब करत, परत आणत 'डब' ही संगीतशैली घडवली. नवीन एक स्वरही न वाजवता!

असे निर्णय घेताना एक सापळा टाळावा लागतो. थोडा मोठा आवाज कानाला नेहमी 'जास्त चांगला' वाटतो. ट्रॅक म्यूट (बंद) केला की एकूण पातळी किंचित उतरते आणि गाणं उगाच फिकं भासतं, म्हणून आपण तो ट्रॅक लगेच परत चालू करतो. तसं करू नये. आधी उतरलेली पातळी भरून काढावी, गाणं दोन ओळी मागून सुरू करावं, आणि एकदा ट्रॅकसह, एकदा त्याच्याविना ऐकावं.