गिबेर्तीचे दोन दरवाजे: स्पर्धेतला कोणता आणि ‘स्वर्गाचा’ कोणता?

फ्लॉरेन्सच्या मुख्य कॅथेड्रलसमोर अष्टकोनी बाप्तिस्मागृह आहे. त्याचे दोन ब्राँझचे दरवाजे लोरेन्झो गिबेर्ती या एकाच शिल्पकाराचे असल्यामुळे वर्णनांत त्यांची गल्लत वारंवार होते. १४०१ च्या प्रसिद्ध स्पर्धेतून ‘स्वर्गद्वार’ घडले, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात त्या स्पर्धेतून घडला तो दुसराच दरवाजा, आणि तो पुढे उत्तर दिशेला बसवला गेला.

कालिमाला या कापडव्यापाऱ्यांच्या श्रेणीने ती स्पर्धा जाहीर केली होती. बायबलमधला आब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी देऊ लागतो, तो प्रसंग प्रत्येक स्पर्धकाने ब्राँझमध्ये घडवायचा होता. गिबेर्ती आणि त्याचा प्रतिस्पर्धी ब्रुनेलेस्की यांची उठावशिल्पे आजही बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. ब्रुनेलेस्कीचा प्रसंग अधिक आवेगपूर्ण आहे. परंतु गिबेर्तीने जवळजवळ सगळे शिल्प एकसंध ओतले आणि त्याला ब्राँझही बरेच कमी लागले. खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांना हे कौशल्य निश्चितच पटले असणार. नंतर मात्र विषयच बदलला आणि दरवाजासाठी बायबलच्या नव्या करारातील कथा ठरल्या, त्यामुळे स्पर्धा जिंकणारे ते शिल्प प्रत्यक्ष दरवाजावर कधी बसलेच नाही.

१४०३ ते १४२४ या काळात तयार झालेल्या या पहिल्या दरवाजावर २८ फलक आहेत. याच बाप्तिस्मागृहासाठी आंद्रेआ पिसानो या शिल्पकाराने चौदाव्या शतकात घडवलेल्या दरवाजाची मांडणी गिबेर्तीने स्वीकारली असल्याने प्रत्येक प्रसंग चार पाकळ्यांच्या चौकटीत बसवलेला आहे. सोन्याचा मुलामा मुख्यतः आकृत्यांना आहे, पार्श्वभूमी गडद राहते, आणि आकृती रंगमंचाच्या पुढच्या कडेला उभ्या असल्यासारख्या भासतात.

१४२५ मध्ये काम हाती आलेला आणि १४५२ मध्ये पूर्ण झालेला दुसरा दरवाजा पाहिला की, हा तोच शिल्पकार आहे यावर क्षणभर विश्वास बसत नाही. येथे केवळ दहा मोठे चौकोनी फलक आहेत, संपूर्ण पृष्ठभाग सोन्याने मढवलेला आहे, आणि एकाच फलकात जुन्या करारातील एकाच कथेचे अनेक प्रसंग एकत्र नांदतात. याकोब आणि एसाव यांच्या फलकात फरशीच्या रेषा कमानींच्या आत खोलवर जातात; पुढच्या आकृती जवळजवळ पूर्ण गोलाईत उठलेल्या, तर मागच्या इतक्या उथळ की त्या धातूवर रेखाटल्यासारख्या वाटतात. यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट पृष्ठभागावर खोलीचा भास निर्माण करण्याचे, नवे गणित फ्लॉरेन्समध्ये त्याच काळात आकार घेत होते आणि ते येथे धातूत उतरले. माझ्या मते स्पर्धेतील विजयापेक्षा ही झेप कितीतरी मोठी आहे.

पहिला दरवाजा आधी कॅथेड्रलसमोरच्या पूर्वेकडील मानाच्या जागी होता. दुसरा तयार झाल्यावर ती जागा त्याला देऊन पहिला उत्तरेला हलवण्यात आला. या दुसऱ्या दरवाजाला ‘स्वर्गद्वार’ हे नाव मायकेलअँजेलोच्या उद्गारावरून पडले, अशी परंपरा आहे. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये आर्नो नदीच्या पुरात याच पूर्वद्वाराचे काही फलक निखळून पडले. दीर्घ दुरुस्तीनंतर मूळ दरवाजा कॅथेड्रलच्या संग्रहालयात ठेवण्यात आला असून चौकात दिसते ती प्रतिकृती आहे.

ओळखण्याची आणखी एक खूण चौकटीवरील छोट्या मस्तकांमध्ये सापडते. गिबेर्तीने दोन्ही दरवाजांवर स्वतःचा चेहरा घडवला आहे: पहिल्यावर डोक्याला फेट्यासारखे वस्त्र गुंडाळलेला, आणि दुसऱ्यावर टक्कल पडलेला, भुवया किंचित उंचावून पाहणारा वयस्क कारागीर.