विमा कंपनी बदलली म्हणून मोजणी शून्यावर येत नाही
‘आरोग्य विम्याची कंपनी बदलली की मधुमेहाचा वेटिंग पिरियड (आधीपासूनच्या आजाराच्या खर्चाला विमा लागू होईपर्यंत थांबण्याचा काळ) पुन्हा पहिल्यापासून’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. साफ चूक! विमा नियामक ‘इर्डा’च्या नियमांनी 2011पासून पोर्टेबिलिटीचा, म्हणजे आधी थांबलेला काळ सोबत घेऊन कंपनी बदलण्याचा हक्क दिलाय. या भीतीपायी माझ्या मावशीनं वाढता हप्ता चार वर्षं मुकाट भरला. पावत्यांची ती फुगलेली पिशवी पाहून अजून जीव तुटतो.

जुन्या आजारांसाठी आता जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं. त्यातले 24 आधीच भरले असतील, तर नव्या कंपनीत उरतात 12च. विम्याची रक्कम वाढवली, तर तेवढ्या वाढीव भागाला मात्र नव्यानं थांबावं लागतं. तब्येत पाहून नवी कंपनी नकारही देऊ शकते, म्हणून नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा आणि होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका.