तिकिटावरच्या वेळा आणि विमानातले तास

तिकीट हातात पडलं की आम्हाला हमखास एक फोन येतो: "निघायच्या आधीच पोहोचतोय असं छापलंय, तिकीट चुकलंय का?" नाही, बरोबर आहे. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी 5 ला सुटलेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी 10 ला उतरू शकतं. तुम्ही विमानात दहा तास बसलेले असता, पण तिथलं घड्याळ टोकियोपेक्षा 17 तास मागे असतं. तिकिटावर छापलेली वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. दोन वेळांची वजाबाकी करू नका. 'कालावधी' वेगळा दिलेला असतो, तो बघा.

परतीला उलटं. दुपारी 12 ला निघालात तर टोकियोला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5. पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक '+1' असतो, तो नजरेतून सुटतो आणि हॉटेल एक दिवस आधीचं बुक होतं. खोली बुक करण्याआधी तो आकडा शोधाच.

जाताना दहा तास आणि येताना बारा, हे कसं? साधारण 10 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते विमानाला पुढे ढकलतात, येताना समोरून येतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, त्यामुळे हा फरकही वाढतो.

आता अंतर. ही दोन शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर सरळ पूर्वेची वाट सर्वांत जवळची वाटते. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोकं धरून तो ताणून बघा. दोरा आपोआप उत्तरेला, अल्युशियन बेटांच्या दिशेला सरकतो. ती वाट सुमारे 8,800 किलोमीटरची, अक्षांश धरून जाण्यापेक्षा चारपाचशे किलोमीटरनी कमी. सीटसमोरच्या पडद्यावर मार्ग कमानीसारखा दिसला तर पायलट वाट चुकलेला नाही!

8,800 ला ताशी 900 नी भागून पावणेदहा तासांच्या आसपास उत्तर येतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका. वाऱ्याचा हिशोब त्यात नाही. शिवाय छापलेला कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाण्यातली रांगही त्यातच येते.

मध्ये विमान बदलायचं असेल तर दीड तासाचं कनेक्शन आम्ही सहसा सुचवत नाही. अमेरिकेत शिरताना बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. तीन तास हाताशी ठेवा.

आणखी एक: लॉस एंजेलिसची घड्याळं मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे होतात, जपानची होत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात फरक 16 तासांचा. घ्यायला येणाऱ्यांना वेळ कळवताना तिकिटावरची स्थानिक वेळच जशीच्या तशी सांगा.