मूल ठेका कोणाबरोबर धरते?

लहान मुलाला ठेका केव्हा धरता येतो, हा प्रश्न मानसशास्त्राने बराच काळ मुलाला एकटे बसवूनच विचारला. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रेस यांनी, कोणी काही न सांगता माणूस ज्या गतीने बोटांनी टकटक करतो, त्या स्वाभाविक लयीचा अभ्यास केला होता. पुढे लहान मुलांनाही यंत्राचे ठोके ऐकवून त्यांवर टकटक करायला सांगितले जाई. ठोके संथ झाले की मुलांची लय सुटे आणि ती आपल्या जलद गतीवर परतत. त्यामुळे अगदी लहान मुलांना दुसऱ्याच्या लयीत येणे फारसे जमत नाही, असे मानले गेले.

ऐकण्याच्या बाबतीत मात्र वेगळेच आढळत होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २००५ मधील प्रयोगात सात महिन्यांच्या बाळांना एकच ठेका ऐकवताना काहींना दर दुसऱ्या, तर काहींना दर तिसऱ्या मात्रेवर हातांत झुलवले. नंतर प्रत्येक गटातील बाळे, ज्या मात्रांवर त्यांना झुलवले होते, त्याच मात्रांवर जोर असलेला ठेका अधिक वेळ ऐकत राहिली. २००९ मध्ये तर ठेक्यातला समेचा ठोका गाळल्यावर दोन-तीन दिवसांच्या अर्भकांच्या मेंदूतही त्याची नोंद उमटलेली दिसली.

मग हात का चुकत होते? याचे उत्तर त्याच वर्षी जर्मनीतील लाइपझिगमध्ये संशोधक सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी शोधले. त्यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. साथीला कधी समोर बसलेला माणूस होता, कधी ढोल बडवणारे यंत्र, तर कधी नुसता ध्वनिवर्धकातून येणारा आवाज. माणूस साथीला असताना मुलांचा ठेका अधिक जुळला आणि अडीच वर्षांची मुलेही आपली स्वाभाविक गती सोडून त्याच्या लयीत आली. भजनात मांडीवरच्या मुलाच्या हाती टाळ देऊन त्याची मनगटे धरणाऱ्या आजोबांना हे नवे वाटणार नाही. परंतु मोजमापाची पद्धतच मुलाला कमी लेखत होती, हे दाखवून देणे माझ्या मते या प्रयोगाचे मोठे काम आहे.

२०१४ मध्ये मॅकमास्टरमध्येच चौदा महिन्यांच्या बाळांना समोरच्या बाईंच्या लयीत किंवा लय सोडून झुलवले गेले. नंतर कपडे वाळत घालताना त्या बाईंच्या हातून चिमटा पडे, तेव्हा लयीत झुललेली बाळे तो उचलून देण्यास अधिक तत्पर असत. तिऱ्हाईत व्यक्तीच्या बाबतीत मात्र ही तत्परता आढळली नाही.