नाव न घेता: मराठवाड्यातल्या रेडिओ-गप्पांची पार्श्वभूमी

रेडिओवरच्या सकाळच्या गप्पा ऐकून घरातली वडीलधारी मंडळी एक तक्रार हमखास करतात: याला काही विषय आहे का? नटीच्या साखरपुड्यावरून सुरू झालेलं बोलणं जीएसटीवर जातं, तिथून गुडघेदुखीवर, मग कुण्या पुढाऱ्यानं पक्ष बदलला त्यावर, आणि मध्येच गाणं. ही खिचडी एफएमवाल्यांनी पुण्यामुंबईहून आणली, असा आपल्याकडे समज आहे. खिचडी इथलीच आहे. बाहेरून आलं ते तिचं पथ्य: कुणाचं नाव घ्यायचं नाही.

राजकारण, करवसुली आणि म्हातारपण एकाच दमात सांगणारा मजकूर मराठवाड्यानं सोळाव्या शतकातच लिहून ठेवला आहे. पैठणच्या एकनाथांची (१५३३–१५९९) भारुडं आपण जत्रेत, सप्ताहात ऐकतो, पण त्यातलं 'अर्जदस्त' निवांत वाचण्यासारखं आहे. महसुली कारभारात वरच्या साहेबाला पाठवतात तसं हे पत्र. परगण्याचं नाव शरीराबाद. तिथले हुद्देदार कोण, तर दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नायकवाडी. यातला एकही सरकारी काम सरळ होऊ देत नाही, वसुली होत नाही, आणि तेवढ्यात जरासंधाची, म्हणजे म्हातारपणाची, फौज येऊन परगणा लुटून नेते. कान बंद, दात पडले, केस पांढरेफटक. भाषा निम्मी फारसी, कचेरीतली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, आणि हिशेबात पैची चूक सापडेपर्यंत नाथ रात्रभर जागले ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेलीच असते. ती खरी मानली तर कचेरीचं बोलणं त्यांनी कुठे उचललं, हे वेगळं सांगायला नको. खऱ्या देशमुखाला चिमटा बसतो आणि नाव मात्र मनीरामाचं येतं, ही युक्ती पुढे चारशे वर्षं उपयोगी पडली.

रेडिओ आपल्याकडे आला तो निजामाचा. हैदराबादचं डेक्कन रेडिओ १९३०च्या दशकात सरकारी झालं, पुढे औरंगाबादलाही निजाम सरकारचं केंद्र निघालं. मराठी, तेलुगू, कन्नड कार्यक्रम असत, पण रुबाब उर्दूचा. त्या राज्यात कर हा रोजच्या बोलण्याचा विषय होता, कारण तो रोज आडवा यायचा. सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके, शेतकऱ्याच्या खळ्यावर लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, आणि खिशात हाली सिक्का, म्हणजे निजामाचा रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा हिशेब जुन्या माणसांना झोपेतही येत असे. त्याबद्दल लोक बोलत ते वाड्याच्या ओसरीवर. रेडिओवर बोलायची सोय नव्हती. तिथून बोलत ते सत्ताधारी, आणि लातूरला वकिली केलेले रझाकारांचे म्होरके कासीम रझवी यांच्या भाषणांनी १९४८ साली सगळ्या संस्थानाची झोप उडवली होती. १७ सप्टेंबर १९४८ला शरणागतीची घोषणाही खुद्द निजामाच्या तोंडून रेडिओवरच झाली. रेडिओ म्हणजे वरून खाली येणारा आवाज, ही समजूत आपल्याकडे तिथे पक्की झाली असावी.

१ एप्रिल १९५०ला हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओकडे गेली. औरंगाबादचं केंद्र काही वर्षांतच बंद पडलं. याच काळात, १९५६च्या सुरुवातीला, पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक नामी प्रयोग केला. खेड्याखेड्यांत शेतकऱ्यांचे गट बसवायचे, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकवायचा, त्यावर चर्चा करायची आणि त्यांचे प्रश्न परत केंद्राकडे पाठवायचे. खालून वर जाणारा रेडिओ म्हणतात तो हाच. तो पश्चिम महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत झाला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात आला तो त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला. काही महिन्यांनी हुकलं. अनुशेषाच्या यादीत हे कुणी धरत नाही.

आपलं म्हणावं असं केंद्र मिळालं ते १९६८ साली, परभणीला. हरितक्रांतीचे दिवस होते, त्यामुळे शेतीचे कार्यक्रम हे केंद्राचं मुख्य अंग. आणि तिथेच बोलणं जरा मोकळं झालं. संकरित ज्वारीची माहिती नुसती वाचून दाखवली तर कोण ऐकणार? म्हणून गावरान बोलीत दोघातिघांचा संवाद. एक शहाणा, एक शंकेखोर, एक उगाच मध्ये तोंड घालणारा. "कामून वो, मागच्या साली तर तुम्हीच म्हणले होते की..." असं कुणी विचारलं की पाराभोवतीची माणसं मान डोलवायची. मुंबई केंद्रानं हा साचा 'पुन्हा प्रपंच'मध्ये मध्यमवर्गीय घरात बसवला होता: बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. महागाई, रेशन, बदलती रीत, सगळं त्या तिघांच्या बोलण्यात येई. कुरकुर करायची ती पात्रानं.

पात्रं का लागत, याचं उत्तर आकाशवाणीच्या आचारसंहितेत आहे. १९६७नंतर काही राज्यांत बिगरकाँग्रेसी सरकारं आली, आकाशवाणीवरून कोणी काय बोलावं यावरून वाद झाले, आणि त्या सुमाराला ही संहिता पक्की झाली. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म-जातींवर हल्ला नको, न्यायालयाचा अवमान नको, इथपर्यंत ठीक. पुढची दोन कलमं गप्पांच्या मुळावर येणारी होती: कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करायचा नाही, आणि केंद्र किंवा राज्य सरकारवर कडवी टीका करायची नाही. आता 'नाव घेऊन' या दोन शब्दांकडे बघा. निवेदक, लेखक, कलावंत या मंडळींनी आख्खं आयुष्य त्या फटीत काढलं. 'काही लोक', 'वरचे', 'साहेब' हे शब्द तिथलेच.

ऐकणाऱ्यालाही फुकट काही नव्हतं. घरी रेडिओ ठेवायचा तर लायसन लागे, आणि दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून त्याच्या पुस्तकात तिकिटं चिकटवून आणावी लागत. आमच्या घरच्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचं कव्हर झिजून मऊ झालेलं मला आठवतं; ते सातबाऱ्याच्या उताऱ्यांत ठेवलेलं असे. सरकारचं बोलणं ऐकायला सरकारलाच पैसे द्यायचे, यावर पारावर काय विनोद होत ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. १९८०च्या दशकाच्या मध्यात हे लायसन गेलं. तोवर टीव्ही आला होता.

सिनेमाची बाजू थोडक्यात. माहितीमंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ नंतर आकाशवाणीवरून फिल्मी गाण्यांना जवळजवळ हद्दपार केलं आणि लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. अमीन सयानींची गीतमाला तिथूनच वाजे. शेवटी १९५७ला विविध भारती काढावी लागली. नटनट्यांच्या लग्नांची, भांडणांची बित्तंबातमी मात्र मासिकांतून येई आणि पारावर वाटली जाई.

पारावर या सगळ्याला कप्पे नव्हते. आकाशवाणीनं बातम्या वेगळ्या, शेती वेगळी, गाणी वेगळी आणि वडीलधाऱ्यांसाठी अर्धा तास वेगळा अशी वाटणी केली होती. ऐकणाऱ्यांनी ती बंद रेडिओभोवती पुन्हा एकत्र कालवली. त्यात आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी काम सोपं केलं. बाभळगावचे विलासराव देशमुख आणि परळीचे गोपीनाथ मुंडे एकमेकांविरुद्धच्या पक्षांत राहून एकमेकांच्या फिरक्या घेत, आणि त्यांच्या सभा लोक तमाशाच्या फडाला जावं तसं ऐकायला जात. विलासरावांचे चिरंजीव रितेश सिनेमात गेल्यावर तर राजकारण आणि सिनेमा एकाच घराच्या दोन खोल्या झाल्या. त्याची किंमतही मोजावी लागली. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर मुख्यमंत्री म्हणून ताज हॉटेलची पाहणी करताना त्यांच्यासोबत रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा दिसले. त्यावरून गदारोळ उठला आणि विलासरावांना पद सोडावं लागलं. लातूरच्या चहाच्या टपऱ्यांवर तो विषय किती महिने चालला असेल, याचा अंदाज कोणीही बांधावा.

खासगी एफएम औरंगाबादला आलं ते केंद्र सरकारच्या २००५च्या एफएम धोरणानंतर. गप्पा मोकळ्या झाल्या, निवेदक 'आरजे' झाला, 'श्रोतेहो' जाऊन 'काय मग' आलं. पण बातम्या आणि चालू घडामोडींवर बंदी होती, आणि आहे. २०११च्या धोरणानं सूट दिली ती एवढीच, की आकाशवाणीचं बातमीपत्र एका शब्दाचाही बदल न करता लावता येईल. शिवाय काही गोष्टी 'बातमी नाही' असं ठरवलं: वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, सणवार, आणि स्थानिक प्रशासनानं कळवलेल्या वीज-पाण्याच्या सूचना.

ही शेवटची सवलत छत्रपती संभाजीनगरच्या माणसानं वाचली तर त्याला हसू येईल. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर, आणि नळाला पाणी चार-चार, कधी आठ-आठ दिवसांनी. म्हणजे आजचं पाणी उद्यावर गेलं, हे आरजे सांगू शकतो. ते का गेलं, पाणीपट्टी घेऊनही का गेलं, हे बोलायला लागला की तो चालू घडामोडींत शिरला. मग तो काय करतो? बादली, टँकर, सासूबाई आणि अंघोळ यांवर दोन मिनिटं विनोद करतो. ऐकणारा समजून घेतो. मनीराम देशमुखच हा, नवा.

म्हातारपणाचा विषय त्या मानानं बिनधोक ठरला आहे. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटी फुकट झाली, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आहेच. तेव्हापासून 'आजोबा सध्या कुठे असतात' हा विनोद इथल्या प्रत्येक निवेदकानं एकदा तरी केला असावा. आजोबा अंबाजोगाईला असतात, उद्या तुळजापूरला. या विनोदात सरकारी योजना आहे, महामंडळाचा तोटा आहे, आधार कार्डावरची जन्मतारीख आहे. पण ऐकताना तो फक्त आजोबांवरचा वाटतो, म्हणून चालतो.

पुढाऱ्यांनी या काळात रेडिओ सोडला असं नाही. ३ ऑक्टोबर २०१४पासून पंतप्रधानांची 'मन की बात' महिन्याला येते, पण ती एकाच बाजूनं बोललेली. तिला गप्पा म्हणता येत नाहीत.

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ शहरांत ७३० नव्या एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. वार्षिक शुल्क एकूण महसुलाच्या ४ टक्के, जीएसटी वगळून. लायसनचे पैसे पूर्वी ऐकणारा भरायचा, आता बोलणारा भरतो. शहरांच्या यादीत धाराशिव आहे, उदगीर आहे, लातूरही आहे. लातूरला केंद्र निघालं तर तिथल्या आरजेला रितेश देशमुखांच्या नव्या सिनेमावर सकाळभर बोलता येईल. त्यांचे थोरले भाऊ अमित देशमुख तिथूनच आमदार झालेले. त्यांच्याबद्दल काही सांगायचं झालं तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावावं लागेल.