गेटऑप्ट

कमांड लाइनवर टाइप केलेले पर्याय ओळखून ते एकेक करून प्रोग्रॅमच्या हाती देणारे सी भाषेतील एक छोटे फंक्शन. युनिक्सच्या सिस्टिम थ्री आवृत्तीत ते प्रथम आले. १९८५ मध्ये डॅलस येथे भरलेल्या युनिफोरम परिषदेत एटी अँड टी कंपनीने त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. पुढे पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक मानकातही त्याचा समावेश झाला. (या नोंदीतील कमांडची अक्षरे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप होतात.)

‘एलएस -एल -टी’ असे टाइप केले, की शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ती ओळ मोकळ्या जागांपाशी तोडतो आणि तुकडे प्रोग्रॅमकडे सोपवतो. आडव्या रेघेने सुरू होणारा तुकडा म्हणजे पर्याय आणि बाकीची फाइलींची नावे, हे शेलच्या गावीही नसते. तो अर्थ प्रोग्रॅमने स्वतः लावायचा. गेटऑप्ट येण्यापूर्वी प्रत्येक लेखक त्यासाठी आपापला लूप लिहीत असे, आणि त्या काळाच्या खुणा अजून दिसतात: ‘टार’ला आधी रेघ दिली नाही तरी चालते, ‘फाइंड’ एकाच रेघेनंतर अख्खा शब्द घेतो, तर ‘डीडी’ला बरोबरचे चिन्ह लागते.

गेटऑप्टला नियम सांगायचे ते एका अक्षरमालेतून. ‘व्ही’ हा नुसता पर्याय आणि ‘ओ’पुढे फाइलीचे नाव हवे असेल, तर ‘व्हीओ:’ एवढे लिहिले की पुरे. अपूर्णविरामाचा अर्थ ‘याला किंमत लागते’. फंक्शन दर खेपेला एक अक्षर परत करते, अनोळखी पर्यायाला प्रश्नचिन्ह देते आणि पर्याय संपले की उणे एक. ‘-व्ही -ओ यादी’ आणि ‘-व्हीओयादी’ या दोन्हींचा अर्थ त्याच्या लेखी एकच. पर्यायाची किंमत ‘ऑप्टआर्ग’मध्ये आणि पुढे कुठून वाचायचे तो क्रमांक ‘ऑप्टइंड’मध्ये मिळतो. ‘ऑप्टइंड’ची सुरुवात १ पासून होते, कारण शून्याव्या जागी प्रोग्रॅमचे स्वतःचे नाव असते. हे सारे ग्लोबल व्हेरिएबल आहेत, म्हणजे साऱ्या प्रोग्रॅमला मिळून त्यांची एकच प्रत. त्यामुळे एकाच वेळी दोन याद्या वाचण्याची सोय नाही. सुटसुटीतपणासाठी मोजलेली ही किंमत सबकमांडच्या (कमांडच्या पोटातल्या दुसऱ्या कमांडच्या) वेळी जाणवते.

मागेपुढे काही नसलेल्या दोन रेघा (‘--’) म्हणजे पर्याय संपले. हा नियम किरकोळ वाटतो, पण कोणीतरी चुकून ‘-आरएफ’ नावाची फाइल तयार केली आहे असे समजा. त्या फोल्डरमध्ये ‘आरएम *’ दिले, की शेल ताऱ्याच्या जागी सगळी नावे भरतो. त्यातले हे नाव ‘आरएम’ला पर्याय वाटते आणि आतले उपफोल्डरही न विचारता उडतात. सगळे साफ झाल्यावर मागे उरते ती नेमकी ‘-आरएफ’ हीच फाइल, कारण तिला कोणी फाइल समजलेलेच नसते. ‘आरएम -- *’ किंवा ‘आरएम ./*’ लिहिले तर हा प्रसंग येत नाही.

‘गिट कमिट -एम’ यासारख्या सबकमांडचा विचार गेटऑप्टच्या मूळ रचनेत नव्हता. (गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन. त्याचा पार्सर, म्हणजे पर्याय वाचणारा भाग, स्वतःचा वेगळा आहे, इथे फक्त उदाहरण घेतले आहे.) तरी ते जमवता येते. मुख्य प्रोग्रॅमने आपले पर्याय वाचायचे, पहिल्या साध्या शब्दापाशी थांबायचे, तो शब्द सबकमांड मानायचा आणि उरलेली यादी घेऊन दुसरी फेरी सुरू करायची. पॉझिक्सच्या नियमानुसार पर्याय आधी आणि फाइली नंतर येत असल्याने थांबणे आपोआप होते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची आवृत्ती मात्र उदार आहे: ती साधे शब्द मागे सरकवून पुढचे पर्यायही वेचते. त्यामुळे ‘कमिट’साठी दिलेला ‘-एम’ मुख्य प्रोग्रॅमच उचलतो आणि हा पर्याय आपल्याला माहीत नाही अशी तक्रार करतो. यावर उपाय म्हणजे अक्षरमालेच्या सुरुवातीला अधिकचे चिन्ह टाकणे. दुसऱ्या फेरीआधी ‘ऑप्टइंड’ पूर्ववतही करावे लागते. अधिकचे चिन्ह वापरले असेल तर ग्नूमध्ये ते १ नव्हे, ० करायचे, आणि बीएसडी या युनिक्सच्या शाखेत ‘ऑप्टरिसेट’ नावाचे वेगळेच व्हेरिएबल आहे. नवख्याचे दोन तास इथे सहज जातात.

‘--हेल्प’सारखे लांब पर्याय ग्नूच्या ‘गेटऑप्ट लाँग’मुळे रुळले. पॉझिक्समध्ये ते आजही नाही. लांब नाव दुसऱ्याशी गोंधळ होणार नाही इतपत तोडून लिहिले तरी ते चालवून घेते. बोटांना हे सोयीचे, पण स्क्रिप्टमध्ये धोक्याचे: पुढच्या आवृत्तीत त्याच अक्षरांनी सुरू होणारा नवा पर्याय आला की जुनी स्क्रिप्ट अडते.

नंतरच्या लायब्रऱ्यांनी मदतीचा मजकूर आणि सबकमांड ही कामेही अंगावर घेतली. पायथनमध्ये २००३ साली ‘ऑप्टपार्स’ आणि २०१० साली ‘आर्गपार्स’ आले. ‘डॉकऑप्ट’ने तर मदतीच्या मजकुरालाच व्याकरण मानले. गो भाषेतले ‘फ्लॅग’ पॅकेज पहिल्या साध्या शब्दापाशी आपणहून थांबते, म्हणून छोट्या साधनांना तेवढे पुरते. अनेक यंत्रांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबेरनेटिसच्या ‘क्युबसीटीएल’सारख्या मोठ्या पसाऱ्याला ‘कोब्रा’ ही गोमधलीच लायब्ररी वापरली आहे. दोनच पर्याय असलेल्या सी प्रोग्रॅमला मात्र गेटऑप्टपलीकडे जाण्याची गरज सहसा पडत नाही.

गेटऑप्टमध्ये ‘-अ’ असा देवनागरी पर्याय ठेवता येत नाही. त्याच्या दृष्टीने एक बाइट म्हणजे एक अक्षर, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत ‘अ’ला तीन बाइट लागतात, त्याला ते तीन वेगळे पर्याय दिसतात. त्यातले पहिले दोन बाइट ‘अ’ आणि ‘आ’ यांना समानच असतात. लांब पर्यायांची तुलना पूर्ण नावाने होत असल्याने ‘--मदत’ चालते. आर्गपार्समध्येही मराठी नावे चालतात, फक्त मदतीचे रकाने सरळ राहत नाहीत: ‘लांबी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण पायथनच्या मोजणीत पाचांचा.