ब्रेव्हे आणि चॅरिटी राइड: अंतर तेच, तयारी वेगळी

दिवाळी आटोपली की नागपुरात सायकली बाहेर निघतात. पहाटे साडेपाचला अंबाझरीकडून वाडीच्या दिशेनं जाणारे लाल दिवे अंधारात एकामागे एक लुकलुकताना दिसतात. त्याच सुमारास मला फोनही येऊ लागतात. "ताई, दोनशेची राइड आहे, नाव देऊ का?" मी आधी एकच विचारते, ब्रेव्हे आहे की चॅरिटी राइड? पलीकडून बहुतेकदा उत्तर येतं, "दोन्ही एकच ना?"

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हींत शर्यत नसते, पहिला कोण आला हे कुणी मोजत नाही. अंतर तेच असू शकतं, रस्ताही तोच. पण एकीची तयारी करून दुसरीला गेलं की त्रास होतो, आणि तो आपल्याला कमी, सोबतच्यांना जास्त होतो. मी ही चूक केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची सायकल राइड, घड्याळाशी केलेला करार. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एकाच मोसमात हे चारही पूर्ण केले की 'सुपर रॅन्डोनिअर', म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात ते 'एसआर'. निघताना एक कार्ड मिळतं, आणि वाटेतल्या ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, ठरलेल्या वेळेत पोचून त्याची नोंद करून घ्यायची असते. उशीर झाला तर बाद. फार लवकर पोचलात तरी उपयोग नाही, कारण कंट्रोल उघडायचीही वेळ असते. दोन कंट्रोलच्या मधे घरची गाडी मागून आली आणि तुम्हाला पाणी किंवा ट्यूब देऊन गेली, तर ते नियमात बसत नाही. सोबतच्या रायडरनं मदत केली तर चालते. एकटे चला, चौघं मिळून चला, तुमचा प्रश्न. पंक्चर तुमचं, भूक तुमची, झोपही तुमचीच.

चॅरिटी राइडला असं जगभर लागू होणारं नियमांचं पुस्तक नाही, आयोजक ठरवतील तसं. पण गाभा सगळीकडे सारखाच असतो: एखाद्या कामासाठी पैसा उभा करायचा किंवा लोकांचं लक्ष वेधायचं, आणि निघालेल्या सगळ्यांनी मिळून पोचायचं. पुढे वाट दाखवणारा पायलट, सगळ्यांत मागे स्वीप, म्हणजे कुणी मागे सुटणार नाही हे बघणारा, त्याच्या मागे सामानाची गाडी. जेवण आणि मुक्काम आधीच ठरलेले. वेग मात्र ज्याचा सगळ्यांत कमी, त्याचा.

विदर्भातल्या माणसाला ही कल्पना नवी वाटायला नको. १९८५ साली बाबा आमट्यांनी 'भारत जोडो' म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे तरुण मुलामुलींना सायकलींवर नेलं होतं. मणक्याच्या आजारामुळे बाबा स्वतः गाडीत आडवे पडून सोबत होते. सायकली हजारो किलोमीटर चालल्या, पण त्या प्रवासात कुणी किती तासांत काय गाठलं हे आज कुणाला आठवत नाही, आणि आठवायचं कारणही नाही.

गंमत म्हणजे हे दोन्ही प्रकार मुळात एकाच घरातले. फ्रान्समध्ये १९०४ साली 'ऑडॅक्स' ब्रेव्हे सुरू झाले तेव्हा ते घोळक्यानंच चालवायचे होते. पुढे कॅप्टन, सगळ्यांचा वेग एकच, कॅप्टनच्या पुढे जायचं नाही. पुढे वाद झाला आणि १९२१ साली ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ या क्लबनं आपले वेगळे ब्रेव्हे काढले, ज्यात प्रत्येकानं आपापल्या वेगानं जायचं. आज नागपुरात आपण करतो ती ब्रेव्हे या दुसऱ्या वाटेवरची. म्हणजे नावात ऑडॅक्स राहिलं, पण घोळका आणि कॅप्टन सुटले. ते जुनं वळण आता चॅरिटी राइडमध्येच जास्त दिसतं.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी नागपूर, सेवाग्राम, आनंदवन आणि परत अशी तीन दिवसांची राइड होती, एका वसतिगृहाच्या मदतीसाठी. माझा त्याच मोसमात एसआर झाला होता, पाय तयार होते. झिरो माइलहून सेवाग्राम साधारण ७५ किलोमीटर, म्हणजे माझ्या लेखी सकाळचं काम. जामठा ओलांडला आणि मी माझ्या नेहमीच्या वेगाला लागले. माझ्या चाकाला चार जण लागले, त्यांच्या मागे आणखी चार. बुटीबोरीला चहाला थांबलो तेव्हा तीसपैकी अकराच जण होतो. साठी ओलांडलेले एक काका कुठेच दिसेनात. स्वीपलाही ते मधल्या एका थांब्यावर चुकले होते. मी उलटी फिरले. सहा-सात किलोमीटर मागे रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली ते बसलेले सापडले. हात थरथरत होते, कपाळावर गार घाम. केळं सोलायलाही बोटं नीट चालत नव्हती, मी सोलून दिलं. अर्धं खाऊन झाल्यावर म्हणाले, "तुम्हाले उशीर नको म्हणून मी पाणी प्यायले बी थांबलो नाही, बेटा."

त्यांच्यात ताकद कमी नव्हती. त्यांना एकटं पाडून मीच त्यांच्यावर घाई लादली होती. मी सहाशे किलोमीटरची तयारी केली होती, तीस माणसांची केली नव्हती.

ही तीस माणसांची तयारी म्हणजे काय, तर पहिली गोष्ट चाकाची. घोळक्यात आपण पुढच्याच्या मागच्या चाकापासून हात-दीड हातावर असतो. त्याच्या आडोशानं वारा कमी लागतो, दम वाचतो, हा फायदा खरा आहे. पण त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक शिरलं आणि तो जरा जरी सरकला, तर घासतो आपण आणि पडतोही आपणच. त्याचं चाक मागचं असल्यानं तो सावरतो. आपलं पुढचं, म्हणजे हँडलचं, त्यामुळे तोल जातो तो जातोच. एकट्यानं हजारो किलोमीटर चालवणाऱ्यालाही ही सवय आपोआप येत नाही. ती दोघा-तिघांत, मोकळ्या रस्त्यावर, मुद्दाम लावून घ्यावी लागते. आमचा सराव रविवारी पहाटे काटोल रोडनं फेटरीच्या पुढे चालतो. एकानं पुढे राहायचं, दोन मिनिटांनी हात दाखवून बाजूला व्हायचं, मागच्यानं वेग न वाढवता पुढे यायचं. वेग न वाढवता, हेच अवघड आहे. पुढे आलं की प्रत्येकाला एक पेडल जास्त मारावंसं वाटतं.

आवाजही शिकावे लागतात. "गड्डा!", "गिट्टी!", "मागून ट्रक!", "स्लो!" पुढच्यानं म्हटलं की प्रत्येकानं ते मागे पोचवायचं. ब्रेव्हेत मी तासन्‌तास तोंड न उघडता चालवलंय. घोळक्यात गप्प बसलेला माणूस मागच्याला खड्ड्यात घालतो. हायवेवर तीस जणांची एकच लांबलचक रांग करायची नाही, आठ-दहांचे गट पाडून मधे मोकळी जागा ठेवायची. ट्रकला ओलांडून आत शिरायला जागा मिळाली पाहिजे, नाहीतर तो रांगेच्या अंगावरून कट मारतो.

मग वेळेचा हिशेब. ताशी १८ नं ८० किलोमीटर म्हणजे चालवण्याचे साडेचार तास. थांबे पाच, प्रत्येकी दहा मिनिटं. ब्रेव्हेत दहा म्हणजे दहाच, कारण घड्याळ आपलं असतं. तीस जणांत तर्री पोह्याच्या प्लेट यायलाच दहा मिनिटं जातात, मग कुणाची बाटली भरायची राहते, कुणाला फोन येतो, आणि दहाची पंचवीस होतात. पाच थांब्यांत सव्वा तास वाढला. ब्रेव्हेवाल्याला इथे चीड येते. मी आता तो सव्वा तास आधीच धरून चालते, आणि निघायची वेळच तेवढी अलीकडे घेते. नागपूरच्या हिवाळ्यात सकाळी सहाला बोटं आखडतात, पण अकराला ऊन चांगलंच लागतं. सकाळी तहान जाणवत नाही म्हणून लोक बाटलीला हात लावत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. थंडीतही दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्यायचे, तहानेची वाट बघायची नाही.

खाण्याचं शरीरशास्त्र दोन्हींत सारखंच. दोन-अडीच तासांहून जास्त चालवायचं असेल तर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि सोबत चिक्की किंवा दोन-चार खजूर, एवढं सोपं आहे. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते छोट्या बाटलीत पूर्ण ओतायचं नाही. फरक इतकाच की ब्रेव्हेत खाणं तुमच्या खिशात असतंच, आणि चॅरिटी राइडमध्ये "गाडी आहे ना मागे" म्हणून लोक रिकाम्या खिशानं निघतात. गाडी दहा किलोमीटर मागे पंक्चरवाल्याजवळ उभी असू शकते. काकांच्या खिशातही त्या दिवशी काही नव्हतं.

पंक्चरचं मी थोडं जास्त सांगणार आहे, कारण आपल्या रस्त्यांच्या कडेला बाभूळ आहे. बाभळीचा काटा टायरमधून आत शिरतो, टोक आत मोडतं आणि बाहेरून काही दिसत नाही. नवी ट्यूब टाकली की दोन किलोमीटरवर तीही बसते. सेवाग्रामच्या अलीकडे आमच्यातल्या एका मुलाचं असंच दुसऱ्यांदा झालं. बाजूच्या शेतातला एक आजोबा बघत उभा होता. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन कडेच्या झुडपांना कापूस चिकटलेलाच होता. त्यानं त्यातला एक बोळा तोडला, टायरच्या आतून सगळीकडे फिरवला आणि एका जागी बोळा अडकला. तंतू ओढले गेले, तिथेच काट्याचं टोक. नखानं निघेना, मग चिमट्यानं काढलं. बोटानं शोधलं असतं तर बोटात गेलं असतं. तेव्हापासून माझ्या सीटखालच्या बॅगेत कापसाचा बोळा असतो, आणि सोबत एक छोटं पितळी अडॅप्टर. आपल्या सायकलींचा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टाचा. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्याला बसत नाही. अडॅप्टर लावलं की बसते. ब्रेव्हेत हे आपल्यासाठी न्यायचं, राइडमध्ये शेजारच्यासाठी.

राहिला पैसा. ब्रेव्हेची फी भरली की विषय संपला. चॅरिटी राइडमध्ये दोन रकमा असतात आणि त्या वेगळ्या ठेवाव्यात. तुमचं जेवण, मुक्काम, टी-शर्ट यासाठीची नोंदणी फी, आणि संस्थेला जाणारी देणगी. फी म्हणजे देणगी नव्हे. नातेवाईक आणि ऑफिसातल्या लोकांकडून तुम्ही मागाल ती देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, पावती त्यांच्या नावानं येऊ द्या. संस्था नोंदणीकृत आहे का, ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची सवलत मिळते का, हे आधीच विचारून घ्या. रोखीनं दोन हजारांच्या वर दिलं तर त्या रकमेवर ती सवलत मिळत नाही. हे विचारताना संकोच करू नका. लोक तुमच्या तोंडाकडे बघून पैसे देतात.

तेव्हा फोनवर मी आता असं सांगते. वेळेत पोचायचं असेल, रात्री एकट्यानं चालवायची भीती वाटत नसेल, तर ब्रेव्हेला जा. त्यासाठी दर आठवड्याची लांब राइड थोडी थोडी वाढवा, दिवा लावून रात्री चालवा, पंक्चर अंधारात काढून बघा. चॅरिटी राइडला जायचं असेल तर तेवढं अंतर लागत नाही, पण शनिवार-रविवार लागोपाठ चालवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसताना काय दुखतं ते कळेल. आणि निघण्याआधीच्या एका रविवारी सगळ्यांना घेऊन रामटेकला जाऊन या. जाऊन-येऊन शंभरच्या आसपास होतं. त्या दिवशी सगळ्यांत जोरात चालवणाऱ्याला सगळ्यांत मागे ठेवा, पूर्ण वेळ. कुणाची सीट खाली आहे, कोण पाणी पीत नाही, कोण चढावर गप्प होतं, हे त्याला तिथूनच दिसतं.

यंदा काकांनी पुन्हा नाव दिलंय. मी स्वीपचं काम मागून घेतलंय. जर्सीच्या मागच्या खिशात चार केळी मावतात, दोन माझी.